कोणासाठी? कशासाठी?

मुलांनो, तुमच्या घरी तांब्या आहे ना? एकदा तो हातात घ्या आणि नीट पाहा. त्याचे पोट गोल आणि मोठे आहे. मान आखूड आणि अरुंद आहे. वरचा काठ बाहेरच्या बाजूला वळलेला आहे. तांब्या असाच का केला असेल? तो डब्यासारखा चौकोनी का नाही?

थोडा विचार करा, म्हणजे उत्तरे सापडतील. पोट मोठे, म्हणून पाणी पुष्कळ मावते. मान अरुंद, म्हणून चालताना पाणी हिंदकळून सांडत नाही. त्या मानेला बोटांचा विळखा घालून भरलेला तांब्या सहज उचलता येतो. काठ बाहेर वळलेला, म्हणून ओला तांब्याही हातातून निसटत नाही आणि पाण्याची धार नीट पडते. पोट गोल, आत कोठे कोपरे नाहीत, म्हणून चिंच लावून तो स्वच्छ घासता येतो.

तांब्याचा हा आकार कोणा एका माणसाने एका दिवसात शोधून काढलेला नाही. तांबट तांबे ठोकून भांडी घडवत गेले. घराघरांतील माणसे ती वापरत गेली. कोणाला काही अडचण आली, की पुढचे भांडे घडवताना त्यात थोडा बदल झाला. असे शेकडो वर्षे चालले. तेव्हा कोठे आजचा तांब्या तयार झाला.

एखादी वस्तू कोणासाठी आहे, कशासाठी आहे, याचा विचार करून तिचा आकार, तिचे माप आणि तिचे साहित्य ठरवणे, याला 'डिझाइन' म्हणतात. आपण त्याला रचना किंवा घडण असेही म्हणू शकतो. डिझाइन म्हणजे फक्त नक्षी, असे पुष्कळांना वाटते. साडीच्या काठावरची वेलबुट्टी हेही डिझाइनच आहे. पण डिझाइन तेवढेच नाही. तुमच्या दप्तराचे पट्टे, घरातील विळी, शेतातील पाभर, एसटीची पायरी, या साऱ्यांचे कोणीतरी डिझाइन केलेले आहे. ते चांगले जमले, तर आपल्या लक्षातही येत नाही. ते बिघडले, की मात्र लगेच कळते. दप्तराचा पट्टा फार अरुंद असेल, तर तो खांद्याला काचतो. मग आपण म्हणतो, "हे दप्तर चांगले नाही."

आपल्या तांब्याचे कौतुक फार दूरच्या दोन पाहुण्यांनी केले होते. त्यांची नावे चार्ल्स ईम्स आणि रे ईम्स. हे पती-पत्नी अमेरिकेतील नामांकित डिझाइनर होते. भारत सरकारच्या निमंत्रणावरून ते आपल्या देशात आले. ते देशभर हिंडले. त्यांनी गावे पाहिली, बाजार पाहिले, कारागिरांची कामे पाहिली. १९५८ साली त्यांनी सरकारला एक अहवाल लिहून दिला. त्या अहवालात त्यांनी लोट्याची, म्हणजे आपल्या तांब्याची, फार स्तुती केली. असे भांडे नव्याने घडवायचे झाले, तर किती प्रश्नांचा विचार करावा लागेल, याची त्यांनी मोठी यादीच दिली. ते भांडे डोक्यावर नेणार, कमरेवर की हातात? ते भरलेले असताना कसे तोलले जाईल आणि रिकामे असताना कसे? ते उचलणाऱ्या हाताचा आकार केवढा असेल? त्याला धक्का लागला, तर आवाज कसा येईल? या अहवालातून पुढे १९६१ साली अहमदाबाद येथे राष्ट्रीय डिझाइन संस्था सुरू झाली. आज तेथे देशभरातील विद्यार्थी डिझाइन शिकतात.

या ईम्स पती-पत्नींची भेट कोठे झाली, ठाऊक आहे? अमेरिकेतील डेट्रॉइट या शहराजवळ क्रॅनब्रुक नावाची कलाशाळा आहे. तेथे चार्ल्स शिकवत होते. १९४० साली रे तेथे शिकायला आल्या. त्यानंतर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या दोघांनी एक उपयोगी वस्तू बनवली. सैनिकाचा पाय मोडला, की तो हलू नये म्हणून फळीसारखा आधार बांधावा लागतो. तेव्हा हे आधार धातूचे असत. सैनिकाला उचलून नेताना ते थरथरत आणि जखम आणखी दुखे. ईम्स पती-पत्नींनी लाकडाचे पातळ थर एकमेकांना चिकटवून पायाच्या आकाराचा हलका आधार तयार केला. तो पायाला बरोबर बसावा म्हणून चार्ल्स यांनी स्वतःच्या पायाचे माप घेतले. असे सुमारे दीड लाख आधार तयार झाले. आता सांगा, डिझाइन म्हणजे फक्त नक्षी का?

ज्या डेट्रॉइटचा आत्ता उल्लेख झाला, त्या शहरात दरवर्षी सप्टेंबर महिन्यात डिझाइनचा एक मोठा उत्सव भरतो. आज आपण त्या उत्सवाची माहिती घेऊ. पण त्याआधी ते शहर कसे आहे, ते पाहू. म्हणजे तेथे असा उत्सव का होतो, ते तुम्हांला नीट समजेल.

डेट्रॉइट हे शहर मिशिगन राज्यात आहे. ते नदीकाठी वसले आहे. नदीच्या या तीरावर अमेरिका आणि पलीकडच्या तीरावर कॅनडा हा दुसरा देश! हे शहर १७०१ साली फ्रेंच लोकांनी वसवले. दोन मोठ्या पाण्यांना जोडणाऱ्या चिंचोळ्या जलमार्गाला फ्रेंच भाषेत 'डेत्रुआ' म्हणतात. त्यावरून शहराचे नाव पडले. आपल्याकडे सप्टेंबरात सकाळचे सात वाजतात, तेव्हा डेट्रॉइटमध्ये आदल्या रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. हिवाळ्यात तेथे फार थंडी पडते. रस्ते, छपरे, झाडे बर्फाने पांढरी होतात. ही थंडी लक्षात ठेवा. पुढे एका गोष्टीत ती येणार आहे.

हे शहर मोटारींचे शहर म्हणून जगाला माहीत आहे. हेन्री फोर्ड यांचा कारखाना येथेच होता. पूर्वी मोटार एका जागी उभी असे आणि कामगार तिच्याभोवती फिरून एकेक भाग जोडत. १९१३ साली फोर्ड यांच्या कारखान्यात उलटी रीत सुरू झाली. कामगार आपापल्या जागी उभे राहिले आणि मोटारीचा सांगाडा सरकत सरकत त्यांच्यापुढे येऊ लागला. ज्या जोडणीला पूर्वी साडेबारा तास लागत, ती आता सुमारे दीड तासात होऊ लागली. कामाची रचना बदलली आणि मोटारी स्वस्त झाल्या.

मोटारी वाढल्या, तशा अडचणीही वाढल्या. समोरासमोरून येणाऱ्या गाड्या एकमेकींवर आदळू लागल्या. तेव्हा या भागातील रस्त्यांचे काम एडवर्ड हाइन्स पाहत होते. त्यांनी एकदा दुधाची एक गळकी गाडी जाताना पाहिली. तिच्यामागे रस्त्यावर दुधाची पांढरी रेघ उमटत गेली होती. ती पाहून त्यांना कल्पना सुचली, असे सांगतात. १९११ साली त्यांनी रस्त्याच्या मधोमध पांढरी रेघ आखून घेतली. या बाजूने जायचे, त्या बाजूने यायचे! साधी एक रेघ. पण तिने कितीतरी जणांचे प्राण वाचवले. आज आपल्या गावाजवळच्या महामार्गावरही तुम्हांला अशी रेघ दिसते.

चौकांत आणखी वेगळी अडचण होती. चार रस्त्यांवरून एकाच वेळी गाड्या येत. पोलिसांना हातांनी खुणा करून त्या थांबवाव्या लागत. विल्यम पॉट्स हे डेट्रॉइटमधील पोलीस अधिकारी होते. आगगाडीसाठी लाल, हिरवे आणि पिवळे दिवे वापरतात, हे त्यांना माहीत होते. तेच तीन रंग घेऊन त्यांनी १९२० साली चारही दिशांना दिसणारा विजेचा सिग्नल तयार केला. लाल आणि हिरवा दिवा काही शहरांत आधीपासून होता. पण हिरव्यानंतर एकदम लाल लागला, की गाडीवाल्यांची धांदल उडे. पिवळ्या दिव्याने त्यांना सावध व्हायला वेळ दिला. मुंबई, पुणे, नागपूर या शहरांतील चौकांत आज तसेच तीन दिवे असतात.

असे हे हुशार, कामसू शहर. १९५० साली तेथे साडेअठरा लाख लोक राहत होते. पण पुढे दिवस पालटले. अनेक कारखाने दुसऱ्या गावी गेले. काही बंद पडले. काळे आणि गोरे लोक यांच्यातील भेदभावामुळेही शहर दुभंगले. ज्यांना जमले, ते शहर सोडून गेले. घरे ओस पडली. २०१३ साली तर शहराच्या कारभारासाठी तिजोरीत पैसा उरला नाही आणि शहराने आपले दिवाळे जाहीर केले. त्या वेळी शहरातील रस्त्यांवरच्या शंभरांपैकी सुमारे चाळीस दिवे लागत नव्हते. रात्री मुलांनी घराबाहेर पडायचे कसे? २०२० साली झालेल्या जनगणनेत तेथे जेमतेम साडेसहा लाख माणसे राहिली होती. मुंबईतील कापडगिरण्या बंद पडल्यावर गिरणगावातील कामगारांची जी स्थिती झाली, ती तुमच्या आजोबांना विचारा. म्हणजे डेट्रॉइटच्या लोकांचे दुःख तुम्हांला कळेल.

पण शहर म्हणजे काही नुसते कारखाने नव्हेत. शहर म्हणजे तेथील माणसे. कारखाने गेले, तरी वस्तू घडवण्याचे कसब माणसांच्या हातांत शिल्लक होते. "आपल्याजवळ काय उरले आहे?" असा प्रश्न डेट्रॉइटच्या लोकांनी स्वतःला विचारला. "आपले हात आणि आपली कल्पना," असे उत्तर त्यांना मिळाले. २०११ साली त्यांनी डिझाइनचा उत्सव सुरू केला. आरंभी तो थोडे दिवस चालणारा होता. पुढे तो महिनाभराचा झाला.

चला, आपण मनानेच या उत्सवात फेरफटका मारू.

हा उत्सव एका मांडवात किंवा एका मैदानात भरत नाही. तो साऱ्या शहरात पसरलेला असतो. कोठे प्रदर्शन, कोठे व्याख्यान, कोठे मुलांसाठी कागदकाम आणि रंगकाम. शहरातील कारागीर आणि कलावंत आपल्या कार्यशाळांची दारे उघडी ठेवतात. एरवी दुकानात आपल्याला तयार खुर्ची दिसते. येथे ती तयार होताना दिसते. लाकूड कसे वाकवतात, कापड कसे बेततात, काच कशी वितळवतात, हे जवळून पाहता येते. आणि प्रश्नही विचारता येतात. या स्टुलाला तीनच पाय का? मग कारागीर सांगतो, "जमीन उंचसखल असली, तर चार पायांचे स्टूल डुगडुगते. तीन पायांचे डुगडुगत नाही." घरी गेल्यावर तुम्हीही करून पाहा. तीन दगडांची चूल कधी का हलत नाही, याचे उत्तर त्यातच आहे.

ओस पडलेली जुनी घरे पाडल्यावर त्यांचे लाकूड फेकून द्यायचे का? डेट्रॉइटचे काही कारागीर ते लाकूड जपून ठेवतात. त्याची टेबले करतात, बाके करतात. कोणी तर त्यापासून गिटार नावाचे तंतुवाद्य बनवतात. ज्या घरात कोणी राहत नव्हते, त्याच्या लाकडातून आता सूर उमटतात!

शहरात ईस्टर्न मार्केट नावाची जुनी मंडई आहे. १८९१ सालापासून ती त्या जागी भरते. दर शनिवारी तेथे शेतकरी भाजी, फळे आणि फुले घेऊन येतात. उत्सवातील एका रात्री या मंडईच्या परिसरात दिवे लागतात. आसपासच्या वखारींतील कार्यशाळा आणि चित्रशाळा लोकांसाठी खुल्या होतात. भिंतींवर रंगवलेली मोठमोठी चित्रे पाहत लोक हिंडतात. दिवसा जेथे भाजीपाला असतो, तेथे त्या रात्री कल्पनांचा बाजार भरतो.

लिव्हरनॉइस नावाचा एक लांब रस्ता आहे. कपड्यांच्या दुकानांसाठी तो पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. उत्सवात या रस्त्यावर एक संध्याकाळ दिव्यांची असते. त्या संध्याकाळी दुकानदार, कलाकार आणि शेजारपाजारची मंडळी रस्त्यावर जमतात. गाणी होतात, नव्या पोशाखांची प्रदर्शने होतात. ज्या शहरात एके काळी रस्त्यावरचे दिवे विझले होते, त्या शहराला दिव्यांच्या संध्याकाळीचे केवढे अप्रूप असेल! आता रोजचे दिवेही परत आले आहेत. २०१६ सालाच्या अखेरपर्यंत शहरात सुमारे पासष्ट हजार नवे दिवे बसवण्यात आले.

२०१५ साली 'युनेस्को' या जागतिक संस्थेने डेट्रॉइटला 'डिझाइनचे शहर' हा मान दिला. हा मान मिळालेले ते अमेरिकेतील पहिलेच शहर. युनेस्कोच्या कलासंपन्न शहरांच्या यादीत आपली मुंबईही आहे. २०१९ साली 'चित्रपटांचे शहर' म्हणून तिचे नाव या यादीत आले. हा मान मिळाल्यावर डेट्रॉइटच्या लोकांनी एक गोष्ट ठरवली. आपले डिझाइन सर्वांना सामावून घेणारे असेल. धडधाकट आणि अपंग, लहान आणि म्हातारे, श्रीमंत आणि गरीब, साऱ्यांचा विचार त्यात असेल.

हे बोलायला सोपे आहे. करायला किती कठीण आहे, ते पुढच्या गोष्टीवरून कळेल. ही गोष्ट डेट्रॉइटमध्येच घडलेली आहे.

व्हेरोनिका स्कॉट ही तेथील कलामहाविद्यालयात शिकणारी तरुण मुलगी. २०१० साली तिच्या वर्गाला एक काम मिळाले. लोकांची खरी गरज भागेल, अशी एखादी वस्तू तयार करायची होती. व्हेरोनिकाने शहरात बेघर माणसे पाहिली होती. बर्फ पडत असतानाही ती उघड्यावर झोपत. "यांच्यासाठी काही करावे," असे तिच्या मनात आले. पण घरी बसून चित्र काढण्याऐवजी ती बेघरांच्या निवाऱ्यात जाऊ लागली. आठवड्यातून तीन रात्री ती तेथे जाई. लोकांशी बोले. त्यांचे ऐकून घेई. असे तिने पाच महिने केले.

मग तिने एक कोट तयार केला. दिवसा तो अंगात घालायचा. रात्री त्याचाच खालचा भाग उलगडून पाय आत घालून झोपायचे. म्हणजे कोट तोच आणि अंथरूण-पांघरूणही तेच! उन्हाळ्यात घडी करून तो पिशवीसारखा खांद्याला अडकवता येई. पहिला कोट जड आणि बोजड झाला. ज्यांच्यासाठी तो होता, त्यांनाच तिने तो दाखवला. त्यांनी दोष सांगितले. तिने सुधारणा केल्या. पुन्हा दाखवला. पुन्हा बदलला.

एके दिवशी निवाऱ्यातील एक बाई तिच्यावर रागावली. "आम्हांला कोट नकोत. आम्हांला काम हवे," असे ती म्हणाली. व्हेरोनिकाला काय वाटले असेल? इतके महिने केलेले कष्ट फुकट गेले, असे तिला वाटू शकले असते. ती रुसून घरी जाऊ शकली असती. पण त्या बाईचे म्हणणे खरे आहे, हे तिने ओळखले. थंडीत कोट ऊब देईल. पण बेघरपण घालवणार नाही. हाताला काम मिळाले, तर मात्र माणूस स्वतःचे घर उभे करील.

म्हणून तिने एक संस्था काढली. निवाऱ्यात राहणाऱ्या बायकांना तिने कामावर घेतले. त्यांतील बहुतेकींना शिवणकाम येत नव्हते. त्या ते शिकल्या. त्यांना पगार मिळू लागला. त्याच कोट शिवू लागल्या. मोटारीच्या कारखान्यात उष्णता आणि आवाज अडवण्यासाठी एक जाड अस्तर वापरतात. जनरल मोटर्स या कंपनीने त्याचे उरलेले तुकडे कोटांच्या आत घालण्यासाठी दिले. मोटारींच्या शहरातील उरलेसुरले साहित्य असे माणसांना ऊब देऊ लागले. आजपर्यंत तेथे हजारो कोट तयार झाले आणि गरजूंना फुकट वाटले गेले. ते शिवणाऱ्या कित्येक बायका निवारा सोडून मुलाबाळांसह स्वतःच्या घरी राहू लागल्या.

पाहा, कोट तर चांगला होताच. पण त्याहून चांगली गोष्ट कशामुळे घडली? एका रागावलेल्या बाईचे बोलणे व्हेरोनिकाने ऐकून घेतले, त्यामुळे.

याच मिशिगन राज्यात कलामाझू नावाचे आणखी एक गाव आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक जखमी सैनिक घरी परतले. कोणी चाकांच्या खुर्चीवर होते, कोणी कुबड्या घेऊन चालत होते. फूटपाथच्या कडेची पायरी म्हणजे त्यांना डोंगरच! जॅक फिशर नावाचे वकील स्वतः अपंग माजी सैनिक होते. त्यांनी ही अडचण गावाच्या कारभाऱ्यांपुढे मांडली. १९४५ साली त्या गावात काही फूटपाथांच्या कडेला पायरीऐवजी उतार करण्यात आले. उतार केले अपंग सैनिकांसाठी; पण त्यांचा फायदा झाला सगळ्यांना. बाळाची गाडी ढकलणारी आई, सामानाची हातगाडी ओढणारा हमाल, काठी टेकत जाणारे आजोबा, सारेच त्या उतारावरून जाऊ लागले. ज्याची अडचण सर्वांत मोठी, त्याचा विचार आधी केला, की सर्वांचेच काम सोपे होते.

मुलांनो, डेट्रॉइट आपल्यापासून फार दूर आहे. तेथील उत्सवाला आपण कदाचित कधी जाणार नाही. पण त्या उत्सवातील मुख्य गोष्ट आपल्याला आपल्या गावातही करता येईल. त्यासाठी पैसे लागत नाहीत. डोळे उघडे ठेवावे लागतात आणि दोन प्रश्न विचारावे लागतात. ही वस्तू कोणासाठी आहे? ती कशासाठी आहे?

उद्या शाळेत गेलात, की आजूबाजूला पाहा. पाण्याच्या नळापर्यंत पहिलीतील मुलांचे हात पोहोचतात का? फळ्यावरची अक्षरे शेवटच्या बाकावरून दिसतात का? तुमच्या वर्गातील एखाद्या मुलाला चालता येत नसेल, तर तो शाळेच्या पायऱ्या कसा चढतो? घरी आजीची बोटे दुखतात. तिला डब्याचे झाकण उघडता येते का? रात्री विहिरीकडे जाणारी वाट दिसते का?

जेथे अडचण दिसेल, तेथे लगेच आपली युक्ती सांगू नका. आधी ज्याची अडचण आहे, त्याला विचारा. तो काय म्हणतो, ते शांतपणे ऐका. त्याने तुमची युक्ती नाकारली, तरी रागावू नका. मग कागद घ्या, पेन्सिल घ्या आणि चित्र काढा. ते पुन्हा त्याला दाखवा. कदाचित नळापुढे एक सपाट दगड ठेवला, की काम होईल. कदाचित झाकणाला एक दोरी बांधली, की पुरे होईल.

असे केलेत, की तुम्हीही डिझाइनर झालात. आणि मग तुमच्या शाळेत तुमच्या कल्पनांचे छोटेसे प्रदर्शन भरवायला काय हरकत आहे? त्या प्रदर्शनात सर्वांत पुढे काय ठेवाल? मला वाटते, एक पाण्याने भरलेला तांब्या ठेवा. पाहायला येणाऱ्यांची तहानही भागेल.

शब्दार्थ

विळखा - वेढा, गुंडाळून धरणे
तांबट - तांब्यापितळेची भांडी घडवणारा कारागीर
अहवाल - केलेल्या कामाची किंवा पाहणीची लेखी माहिती
कसब - हातचे कौशल्य
ओस पडणे - माणसांवाचून रिकामे होणे
दिवाळे - देणी फेडण्यास पैसा न उरणे
अप्रूप - कौतुक, नवलाई
वखार - माल साठवण्याची जागा
निवारा - आसरा, राहण्याची जागा
बोजड - जड आणि बेढब

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) डिझाइन म्हणजे काय?
(आ) डेट्रॉइट हे शहर कोणत्या राज्यात आहे?
(इ) रस्त्याच्या मधोमध पांढरी रेघ कोणी आखून घेतली?
(ई) डेट्रॉइटमधील डिझाइनचा उत्सव कोणत्या महिन्यात भरतो?

२. कारणे लिहा.
(अ) तांब्याची मान अरुंद असते.
(आ) सिग्नलला पिवळा दिवा असावा लागतो.
(इ) व्हेरोनिकाने बेघर बायकांना कामावर घेतले.

३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) डेट्रॉइट शहराची स्थिती कशी बिघडली?
(आ) व्हेरोनिकाने तयार केलेला कोट कसा होता?
(इ) फूटपाथच्या उतारांचा फायदा कोणाकोणाला झाला?

४. 'वेल' आणि 'बुट्टी' मिळून 'वेलबुट्टी' हा शब्द झाला. पाठात असे आणखी शब्द आले आहेत. ते शोधून लिहा.

५. उपक्रम : घरातील विळी नीट पाहा. तिच्या पात्याचा, पाटाचा आणि पुढच्या खवणीचा उपयोग काय, ते घरच्या माणसांना विचारा. तिचे चित्र काढून पाच वाक्ये लिहा. विळी पाहताना मोठे माणूस जवळ असू द्या.